पाच वाजून गेले, नंदाताई

नंदाताई, त्या रविवारी सकाळी तुझा फोन मी तीनदा वाजू दिला. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलता येईल. आज बारावा दिवस आहे आणि हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

मी मेथी निवडत बसले होते. फोनवर तुझं नाव दिसलं आणि मला काय वाटलं माहितीये? जिंकले, असं वाटलं. गुरुवारी आपण भांडलो होतो, तीन दिवस तुझा फोन नाही की माझा नाही. म्हटलं, आली बाई शेवटी वठणीवर, आता वाजू दे थोडा, हिलाही जरा कळू दे. मी फोन पालथा घातला आणि मेथीची पानं खुडत राहिले. मधे बराच वेळ गेला, पुन्हा वाजला. पुन्हा तसंच. चौथ्यांदा उचलला तोही तोऱ्यात. म्हटलं, ‘‘बोला बाईसाहेब.’’

तिकडून पल्लवीचा आवाज आला. ‘‘आई उठत नाही. चहा उतू गेला. आई उठत नाही.’’

तुझ्या लेकीला तू दहा वर्षं हेच शिकवलं होतंस. आई उठली नाही तर फोन घ्यायचा, दोनचं बटण दाबून धरायचं. दोनवर मी. उचलला नाही तर शंभरपर्यंत मोजायचं आणि पुन्हा लावायचा. घाबरायचं नाही, घरभर पळायचं नाही, मोजायचं. तुझी तीस वर्षांची लेक ओट्यापाशी उभी राहून मोजत होती, नंदाताई. शंभर, पुन्हा शंभर, पुन्हा शंभर. आणि मी मेथी निवडत होते.

डॉक्टर म्हणाले, तिने पहिला फोन लावला त्याच्या आधीच तू गेली होतीस. मी उगाच विचारल्यासारखं विचारलं आणि त्यांनी उगाच सांगितल्यासारखं सांगितलं. म्हणजे तुझ्यापुरतं माझं माफ झालं. पण पल्लवीने मोजलेल्या त्या तीनशे आकड्यांचं काय करू, ते मला कळत नाही.

तुला आठवतं, आपण कुठे भेटलो ते? बारा वर्षं झाली. मेंदूच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत माझा ओम भिंतीवर डोकं आपटत होता. तेव्हा तो बारा वर्षांचा, माझ्या खांद्याला लागलेला, तोंडातून शब्द नाही, आणि अंगात ताकद अशी की मला आवरेना. खोलीतली माणसं खुर्च्या सरकवून लांब बसली. एका बाईंनी मला नवस सुचवला. दुसऱ्या म्हणाल्या, एक ठेवून द्या, गप बसेल. तू काहीच बोलली नाहीस. उठलीस, फरशीवर बसलीस आणि तुझी पर्स भिंत आणि त्याचं डोकं यांच्या मधे धरलीस. तो आपटत राहिला, पर्सवर. नंतर हळूहळू थांबला. मग तू माझ्याकडे बघितलंस. मी ओमपेक्षा जास्त थरथरत होते.

‘‘काबरं घाबरस?’’ म्हणालीस. ‘‘मी शे ना.’’

तू सटाण्याची, मी चांदवडची. तुझी अहिराणी मला निम्मी कळायची, निम्मी मी अंदाजाने घ्यायची. एरवी तू नाशकात राहून शहरासारखंच बोलायचीस, पण जीव कळवळला किंवा डोकं फिरलं की अहिराणीवर यायचीस. मला वाटलं होतं, कोण कुठली बाई, ‘मी आहे ना’ म्हणते, उद्या दिसणारही नाही. दुसऱ्या दिवशी तू सिडकोतून रिक्षा करून इंदिरानगरला माझ्या दारात हजर. एका हातात पल्लवीचा हात, दुसऱ्यात एक कोरी वही.

त्या वहीला तू ओळखवही म्हणायचीस. आपल्यासारख्या आई-बापांच्या गुरुवारच्या गटात जो येईल त्याच्या हातात आधी वही पडायची. चहा नंतर. परक्या माणसाला आपलं मूल सांभाळायची वेळ आली तर त्याला जे जे माहीत हवं ते ते त्यात लिहायचं. मी पहिल्या दिवशी मोठ्या अक्षरात ओमचं निदान लिहिलं, औषधं लिहिली, बुद्ध्यांक लिहिला. तू वाचलंस आणि पान फाडून माझ्या हातात दिलंस. ‘‘हे डॉक्टरांना माहितीये. तुला काय माहितीये ते लिही.’’

मग मी लिहीत गेले. कुकरची शिटी झाली की त्याच्या कानांवर आपले हात ठेवायचे, त्याचे नाही, आपले. पोळीचे तुकडे केले तर खात नाही, अख्खी द्यायची. घाबरला की पदराचा वास घेतो, कुणाच्याही, त्याला हाकलू नये. एकेक ओळ लिहिताना मला वाटायचं, हे सगळं जगात फक्त मलाच माहीत आहे. तू म्हणायचीस, म्हणूनच लिही.

आणि ते शेवटचं पान. ‘माझ्यानंतर’. तिथे एकच नाव लिहायचं, पान दुमडायचं आणि स्टेपलरच्या पिना मारून बंद करायचं. कुणी कुणाचं उघडायचं नाही. पण तुझा नियम कडक होता. ज्याचं नाव लिहायचं त्याला आधी समोर बसवून विचारायचं, आठवडाभराची मुदत द्यायची, आणि तो नाही म्हणाला तर राग धरायचा नाही. किती जणांना तू त्या नियमावरून झापलं असशील. पानाला पिना मारलेल्या दिसल्या की तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, ‘‘विचारलं का?’’

माझ्या पानावरच्या पिना बघून मलाही ‘विचारलं का?’ म्हणालीस तेव्हा मी हो म्हणाले. खोटं बोलले. ते पुढे येईलच.

दुसरा तुझा खटाटोप म्हणजे पाहुणचार. महिन्यातल्या एका गुरुवारी मुलांनी सकाळी दहाला बॅग घेऊन एकमेकांच्या घरी पाहुणे जायचं आणि संध्याकाळी पाचला परत. आई-बापांनी फोन करायचा नाही. मला हसू येतं आता, पण पहिल्या गुरुवारी ओमला तुझ्याकडे सोडलं आणि मी घरी गेलेच नाही. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी भाजीवाल्याची गाडी होती, तिच्याआड उभी राहिले. तास झाला, दीड तास झाला. भाजीवाल्याला बरं वाटावं म्हणून आधी वांगी घेतली, मग दोडके, मग नको असलेला लाल भोपळा. तू बाल्कनीतून बघितलं होतंस. खाली आलीस, माझ्या हातातली पिशवी घेतलीस आणि कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानात मला ओढत नेलंस. ‘‘खा,’’ म्हणालीस, ‘‘आणि माझ्याकडे बघ, खिडकीकडे नको.’’ मिसळ तिखट होती, रडायला बरं निमित्त मिळालं. वर पल्लवी ओमच्या कानांवर हात ठेवून बसली होती, कारण शेजारणीचा कुकर लागला होता. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तू तिला ओमची वही वाचून दाखवली होतीस, आणि पल्लवीने एकदा ऐकलं की ते तिचं पाठ.

तुझं बोलणंही तिला पाठ असायचं. तुझी वाक्यं ती तुझ्याच सुरात परत म्हणायची, कधी वेळेवर, कधी भलत्या वेळी. पाहुण्यांसमोर ‘‘हा माणूस उठता उठत नाही’’ म्हणाली होती, आठवतं? तू लाजेने लाल, आणि पाहुणे उठून चपला शोधायला लागले.

आता भांडणाचं बोलू. ते अर्धंच राहिलंय.

तू म्हणालीस, ओमला एक रात्र माझ्याकडे ठेव. मी नेहमीसारखं म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. चोवीस वर्षांत मी त्याला एक रात्र कुठे ठेवलेलं नाही. माझ्या आईच्या दहाव्याला मी त्याला घेऊन गेले आणि अर्ध्यातून परत आले. तू त्या दिवशी सोडायलाच तयार नव्हतीस. मग मीही चिडले. मी म्हटलं, ‘‘तुझा सगळा सराव खोटा आहे, ताई. आपण त्यांना काय शिकवलं? की आई जाते आणि पाच वाजता येते. बारा वर्षं दर महिन्याला पाच वाजता आलो आपण. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी काय करायचं, ते कुठे शिकवलंय?’’

तू शांतपणे म्हणालीस, ‘‘तेच म्हणते मी. एकदा पाच वाजता येऊ नकोस.’’

मला ते इतकं लागलं. कुणीतरी माझं मरण माझ्या हातात ठेवलं, असं झालं. आणि मी बोलू नये ते बोलले. ‘‘तुझी पल्लवी बोलते तरी. दोन शब्द सांगू शकते कुणाला. तुला काय कळणार माझं?’’

बारा वर्षांत आपल्या गटात कुणी कुणाच्या मुलाशी आपल्या मुलाची तुलना केली नव्हती. तोही तुझाच नियम. ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण बाहेरच्यांना ऐकवायचो, आणि मी ते तुला ऐकवलं. तू चष्मा पुसलास. ‘‘उद्या बोलू,’’ म्हणालीस. उद्या मी फोन केला नाही.

रविवारी मी तुझ्या घरी पोचले तेव्हा पल्लवीने दार उघडलं. तिचं सगळं ठरलेलं. मला आत घेतलं, तुझ्याकडे बोट दाखवलं, कपाटातून आपली वही काढली आणि माझ्या हातात दिली. मग आपली पाहुणचाराची बॅग घेऊन चपला घालून उभी राहिली. तू ओट्याखाली आडवी होतीस, एक हात डोक्याखाली, जरा पडल्यासारखी. मी तुझ्याशेजारी बसले आणि मला आधी रडू आलं नाही. भीतीच वाटली. वर बघितलं, कोण म्हणेल आता ‘मी शे ना’ म्हणून, आणि कुणी नव्हतं.

शेवटचं पान मी तिसऱ्या दिवशी उघडलं. तुझे भाऊ सटाण्याहून आले होते, त्यांच्यासमोर पिना काढल्या. तुझ्या गोल अक्षरात माझं नाव. खाली एक ओळसुद्धा नाही.

विचारलं नाहीस, ताई. जगाला विचारलं का विचारलं का करत फिरलीस आणि मला विचारलं नाहीस. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. मला इतका राग आला की मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि दार लोटून घेतलं. आणि तिथे, डब्यांच्या फळीसमोर उभी असताना, मला आठवलं की माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर काय आहे.

घरी गेल्यावर मी ओमच्या वहीच्या पिना काढल्या. काढायची गरज नव्हती, मीच लिहिलं होतं. तुझं नाव. मीही तुला कधी विचारलं नव्हतं. तू हो म्हणशील याची इतकी खात्री होती की विचारणं मला परकेपणाचं वाटलं. नाहीतर नाही म्हणशील याची भीती असेल. तुलाही तसंच वाटलं का गं? दोन घरं, एकीची किल्ली दुसरीच्या घरात, दुसरीची पहिलीच्या घरात, आणि दोघींनी दारं ओढून घेतलेली. सगळ्या गटाला शहाणपण शिकवणारी तू आणि तुझा उजवा हात म्हणवणारी मी. आपल्यासारख्या मूर्ख बायका नाशकात शोधून सापडायच्या नाहीत.

तेव्हापासून मी घाबरलेली आहे. सकाळी उठते ती घाबरलेलीच. मला सत्तावन्न पूर्ण झाली, रक्तदाबाची गोळी चालू आहे, ह्यांचे गुडघे गेलेत. एका मुलाच्या काळजीने माझी पाचावर धारण बसते, तिथे तू मला दुसरं दिलंस. उद्या मी ओट्याखाली आडवी झाले तर ओम कुणाला फोन करणार? त्याला बटण दाबता येतं, पण बोलणार काय? आणि पल्लवीचं नाव मी कुणाच्या वहीत ढकलू? भाजी आणायला खाली उतरते आणि जिन्यावर थांबून नाडी बघते. बघायची कशी ते मला येतही नाही.

पल्लवी त्या दिवसापासून आमच्याकडेच आहे. त्रास काही नाही तिचा. सकाळी अंथरुणाच्या घड्या घालते, ओमच्या ताटात अख्खी पोळी वाढते, कुकर लावला की मी सांगायच्या आत त्याच्यामागे जाऊन उभी राहते. पण बॅग काही उघडत नाही. बॅगेतून कपडे काढते, धुऊन वाळले की परत बॅगेत भरते. आणि रोज संध्याकाळी पाच वाजता ती बॅग उचलते, चपला घालते आणि दारात उभी राहते. पाहुणचार संपला. आई येणार.

ओरडत नाही, रडत नाही. उभी राहते. सहा वाजले, दिवा लागला की बॅग ठेवते. मी काय म्हणाले होते तुला? ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी काय करायचं ते शिकवलंस का? माझं खरं निघालं, ताई. भांडण मी जिंकले. रोज पाच वाजता बघते ते.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. ओम ह्यांच्यापाशी घरी. तुझे भाऊ, पल्लवी, गटातले तिघे-चौघे आणि मी. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. एक तर जवळ येऊन बसला, मान वाकडी करून बघितलं आणि उडाला. तुझ्या भावाने हात जोडले, ‘‘अक्का, पोरीनी काळजी करू नको,’’ म्हणाले. कावळा नाही. गटातले एकजण म्हणाले, गुरुवार बंद पडू देणार नाही. कावळा नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला कळत होतं काय म्हणायचं ते. एवढंच म्हणायचं होतं, पल्लवी माझ्याकडे राहील. कावळ्यासाठी म्हणून बोलायचं आणि मग जन्मभर निभावायचं? मी खाली मान घालून पदराशी चाळा करत उभी राहिले. इतकी भित्री मी स्वतःलाच कधी दिसले नव्हते.

तेवढ्यात पल्लवी पुढे गेली. पिंडाकडे बघून, रोज तुला सांगायची त्याच आवाजात म्हणाली, ‘‘आई, गॅस बंद केला.’’

चहा उतू गेला होता ना त्या दिवशी. तिने फोन लावायच्या आधी गॅस बंद केला होता. पल्लवी गॅसचं बटण उघडं ठेवेल या धास्तीने तू किती वर्षं झोपली नाहीस, ते मला माहीत आहे. मी तिच्याकडे बघत होते, म्हणून कावळा नेमका कधी आला ते मला माहीत नाही. मागून कुणीतरी ‘शिवला, शिवला’ म्हणालं.

परतताना तुझ्या भावाने मला बाजूला घेतलं. भला माणूस आहे. म्हणाले, ‘‘ताई, मी लई जास तिले सटाण्याले. मन्ही भाची शे. पन खरं सांगू? माले तिनं काहीच समजत नही. आनि अक्कानी तुमनं नाव लिखेल शे. आते तुमीच सांगा.’’ तिला न्यायला तयार होते, पण तिचं काही कळत नाही म्हणून माझ्यावर सोडलं. मी म्हटलं, तेराव्याला सांगते. तेरावा उद्या आहे.

काल रात्रभराचं सांगत नाही. सकाळी उठले तेव्हा एवढं ठरलं होतं की तुझं निदान एक तरी ऐकायचं. शाहीनला फोन केला. आपली वडाळागावातली शाहीन गं, सहा वर्षांच्या झैदची आई. माहेर मालेगावचं, दोन वर्षांपूर्वी गटात आली तेव्हा चार तास नुसती रडत होती आणि तू तिच्या पोराला कडेवर घेऊन फोडणीचा भात केला होतास. तिला म्हटलं, ओमला आणू का? रात्रभरासाठी?

ती म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्ही? खरंच? या ना, लगेच या.’’

दुपारी मी ओमला घेऊन गेले. बॅग, वही, आणि माझी एक जुनी साडी. शाहीनने वही उघडून माझ्यासमोर पहिल्यापासून वाचली, तू शिकवलंस तशी, बोट ठेवून. मग मी तिला समोर बसवलं. नियमाने विचारलं. ‘‘शाहीन, याच्या शेवटच्या पानावर तुझं नाव लिहू का?’’

बारा वर्षं हे का टाळत होते ते तेव्हा कळलं. विचारलं की ते खरं होतं.

तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली. ‘‘वहिनी, मला लई भीती वाटते,’’ म्हणाली. ‘‘मला झैदचंच झेपत नाही कधी कधी. त्याचे अब्बा दिवसभर दुकानावर. मी लगेच हां नाही बोलणार. नंदाआपांनी आठवडा दिला असता ना? मला आठवडा द्या. आज रात्र तर राहू द्या आधी त्याला.’’

नंदाताई, तिने नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही, आणि तरी मला आत कुठेतरी बरं वाटलं. तुझ्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं. मी म्हटलं, आठवडा तुझा.

मी निघाले तेव्हा ओम झैदच्या गाड्या एका रांगेत लावत होता. मी साडी त्याच्याजवळ ठेवली. त्याने वर बघितलं नाही. मी दोनदा हाक मारली, तरी नाही. आता हेही तुलाच सांगते. चोवीस वर्षं मला भीती होती की हा माझ्यावाचून राहणार नाही. त्या दारात उभी राहून मला वाटलं, आणि राहिला तर?

जिना उतरले आणि खालच्या पायरीवर बसलेच. घड्याळात बघितलं, पाचला दोन मिनिटं कमी. बारा वर्षं पाहुणचाराच्या दिवशी या वेळेला मी कुणाच्या तरी जिन्यावर असायची, पण चढत. आज उतरून बसले होते. वरून झैदच्या घरातला कुकर वाजला. एक शिटी. कान टवकारून बसले, ओम ओरडतो का म्हणून. दुसरी शिटी. काहीच ऐकू येईना, आणि त्या काहीच ऐकू न येण्याने माझी छाती इतकी धडधडायला लागली की वाटलं, हेच ते. आता मीच जाते. इथेच, परक्या जिन्यावर. मी पर्समधून फोन काढला आणि न बघता दोनचं बटण दाबून धरलं.

माझ्या फोनवरही दोनवर तूच होतीस, ताई. बारा वर्षांची सवय. कानाला लावल्यावर भानावर आले की मी कुणाला फोन करतेय. तुझा फोन आता पल्लवीकडे असतो, तिने तो कुणाला घेऊ दिला नाही. मी कट करणार होते.

पहिल्या रिंगलाच उचलला गेला. मला तीन फोन, तीनशे आकडे लागले होते, तिला एक रिंग.

मला बोलता येईना. नुसता श्वास ऐकू जात असेल तिकडे. पाच वाजले होते, म्हणजे ती दारातच असणार, बॅग घेऊन, चपला घालून, तुझी वाट बघत. ती तुझ्या आवाजात, अगदी तुझ्या सुरात, माझ्या कानात म्हणाली, ‘‘काबरं घाबरस? मी शे ना.’’

तिला अर्थ कळून म्हणाली की पाठ आहे म्हणून, ते मला माहीत नाही. मला फरक पडत नाही. मी त्या पायरीवर बसून पोटभर रडले, बारा दिवसांत पहिल्यांदा. वर ओम ओरडला नाही.

रिक्षा करून घरी आले. पल्लवी दारात उभीच होती. हे म्हणाले, आज फोन ठेवल्यापासून हलली नाही जागची. मी तिच्या हातातली बॅग घेतली. तिने पटकन दिली नाही, जरा धरून ठेवली. मी म्हटलं, ‘‘पल्लवी, आई पाच वाजता येणार नाही. आई मेली. तू इथेच राहायचंस.’’ इतकं सरळ तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे ‘देवाकडे गेली’ म्हणत होतो, आणि देवाकडे गेलेला माणूस पाचला परत येऊ शकतो ना. तिने माझ्याकडे बघितलं. मग बॅगेचा पट्टा सोडला.

कपाटातला मधला खण रिकामा करून तिचे कपडे आम्ही दोघींनी मिळून लावले. तिला घड्या माझ्यापेक्षा चांगल्या जमतात. तुझ्या भावाला फोन करून टाकला, तेराव्याची वाट बघितली नाही. भीती गेलेली नाही, नंदाताई. ती तशीच आहे, आता दोघांची आहे. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली तेव्हा सहा वाजायला आले होते, आणि पल्लवीने पायात राहिलेल्या चपला दारात जाऊन काढल्या आणि आत येऊन मला विचारलं, चहा ठेवू का?